एक मीटर, बारा मिलीमीटर

शर्मिष्ठा लांजेवार भित्री होती, आणि ते तिला मान्य होतं. सिलिंडर बदलायचा असला की ती घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायची, मागच्या अंगणात जाऊन उभी राहायची आणि बटन मुलीला फिरवायला लावायची. रेल्वेचं फाटक बंद असताना रायपूरची सगळी गुढियारी वस्ती आडव्या दांड्याखालून वाकून पलीकडे जायची. ही मात्र गाडी जाऊन फाटक पूर्ण वर होईपर्यंत जागची हलायची नाही. मागचे हॉर्न ओरडून ओरडून दमायचे.

तिला भीती वाटायची नाही ती एकाच गोष्टीची, नवऱ्याच्या कामाची. उदय लांजेवार वीस वर्षांपासून उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात भट्टीवर होता. "नऊशे डिग्री! काय माय, कसे उभे राहत असतील!" असं शेजारणी म्हणाल्या की ती कपडे वाळत घालता घालता म्हणायची, "त्यायले समजते त्यातलं." एवढ्यावर तो विषय संपायचा.

ती मूळची तुमसरची. वडील रेल्वेच्या मालगोदामात कारकून. आई गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ निरंजन आठ. त्याची वेणीफणी सोडली तर बाकी सगळं तिनंच केलं. लग्न करून रायपूरला आली आणि दोन वर्षांनी त्यालाही मागून आणला. उदयनं त्याला आपल्या घरात जागा दिली, शिकवला, आणि मग हात जोडले. निरंजननं आधी कॉम्प्युटरचं दुकान काढलं, मग लग्नाच्या खुर्च्या भाड्यानं दिल्या, आणि शेवटी गुढियारीतच लोखंड-स्टीलच्या सळया, पाइप, पत्रे विकायला बसला. एकदा त्यानं उदयच्या कारखान्यात बोल्ट दिले, ते पहिल्याच आठवड्यात मोडले. त्या दिवशी उदय जेवताना इतकंच म्हणाला होता, "तुझा भाऊ आहे, घरी येऊ दे, जेवू दे. त्याचा माल माझ्या भट्टीत नाही."

सहा वर्षांपूर्वी कारखान्याचा स्टोरकीपर सोडून गेला आणि मॅनेजर भार्गव साहेबांनी उदयच्या शब्दावर शर्मिष्ठाला स्टोरमध्ये घेतलं. पत्र्याची एक खोली, दोन खिडक्या, भिंतभर कप्पे. तिनं ती स्वयंपाकघरासारखी लावली. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत नटबोल्ट, बरणीवर मार्करनं नाव, रोज सकाळी फडकं. कामगार तिला स्टोरवाली दीदी म्हणत. तिच्या एका खिडकीतून थेट भट्टी दिसायची.

ती भट्टी म्हणजे जमिनीत खोदलेली विहीरच. खोल, गोल, विजेवर तापणारी, वर सरकतं झाकण. तिच्यात यंत्रांचे लांब दांडे तापवायला यायचे. असे दांडे आडवे ठेवले तर उष्णतेनं स्वतःच्याच वजनानं वाकतात, म्हणून ते उभे टांगायचे. वर एक कडं, कड्याला स्टेनलेस स्टीलचे तीन जाड रॉड, रॉडांच्या खाली तबकडी आणि तबकडीला दांडे लटकलेले. अठरा-वीस तास नऊशे तीस डिग्रीत. मग झाकण सरकवायचं, क्रेनचा हूक कड्यात घालायचा आणि सगळा लालभडक घड उचलून शेजारच्या तेलाच्या हौदात बुडवायचा. घड हेलकावू नये म्हणून एक माणूस लांब आकडी घेऊन भट्टीच्या तोंडाशी उभा राहायचा. तो माणूस उदय.

लग्नाच्या नव्या दिवसांत एकदा त्यानं तिला हे सगळं समजावलं होतं. ती कणीक मळत होती. त्यानं गोळ्यातली कणीक घेऊन लांब वळी केली आणि एका टोकाला धरून हवेत टांगली.

"थंड सळईले वजन लाव. थोडी ताणते, वजन काढलं की जाते आपल्या जागी. पण लाल झाली की तिचा स्वभाव बदलते. वजन तेवढंच, ताप तेवढाच, तरी ती तासातासानं वाढत राहते. आणि वाढलेली परत येत नाही. पाह्य."

वळी आधी भस्सकन ओघळली, मग जरा थांबल्यासारखी झाली, इतकी हळू की तिला वाटलं थांबलीच. मग मध्येच एका जागी बारीक झाली आणि पाहता पाहता तुटून ताटात पडली.

"तीन चाली असतात. पहिली भराभर. दुसरी सावकाश, लय सावकाश, तिच्यातच आपण काम करून घ्यायचं. तिसरी सुरू झाली का मग कोणाचं ऐकत नाही. आमचं काम एवढंच, तिसरीच्या आधी रॉड बदलून टाकायचे."

त्यासाठी त्याची एक रीत होती. नव्या रॉडवर बरोब्बर एक मीटर अंतरानं पंचाचे दोन ठिपके मारायचे. दर पाचव्या खेपेनंतर त्या ठिपक्यांमधलं अंतर मोजायचं आणि भट्टीजवळच्या खांबावर खडूनं लिहायचं. एक हजार तीन मिलीमीटर, एक हजार चार. एक हजार वीस झालं की रॉड भंगारात, मग तो दिसायला कितीही धड असो. हा हिशेब तीनशे दहा नंबरच्या स्टीलचा, जे अशा उष्णतेसाठीच बनतं. वीस वर्षांत खांबावर वीसच्या पुढचा आकडा कधी लिहिला गेला नव्हता. शर्मिष्ठाच्या न भिण्याचं सगळं कारण त्या खांबावर होतं.

डिसेंबरात उदय भावाच्या ऑपरेशनसाठी नऊ दिवस गोंदियाला गेला आणि नेमके त्याच आठवड्यात जुने रॉड विसाला टेकले. नेहमीचा भिलाईचा पुरवठादार म्हणाला, पंधरा दिवस लागतील. भार्गव साहेब दिवसातून चारदा स्टोरच्या दारात यायचे. "मैडम, रॉड का क्या हुआ? भट्टी खाली नहीं रख सकते."

आणि निरंजनचा फोन आला. त्याला बहिणीच्या आवाजावरून कळायचं.

"काहून टेन्शनमध्ये आहे ताई? कोणते रॉड? अवो, माझ्याकडं पडले आहेत ना! अठरा नग. एकदम कडक माल."

"यायले समजलं तर..."

"भाऊजी गोंदियात आहेत ना? कोण सांगते? तूच सांगशील तर सांगशील."

सहा रॉड रिक्षातून आले. जाड, चकचकीत, हातात घेतले की भरीव. तपासणीचा कागद संध्याकाळी मोबाइलवर पाठवतो म्हणाला. शर्मिष्ठानं किल्ल्यांच्या जुडग्याला बांधलेलं चुंबक काढलं आणि सहाही रॉडांना एकेक करून लावून पाहिलं. गोलबाजारात भांडी घेताना ती हेच करायची, तिची आईही हेच करायची. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर अस्सल स्टील. एकालाही चिकटलं नाही. तिनं रजिस्टरात कागदाच्या रकान्यात 'आला' लिहिलं आणि सही केली. उदय परत आला तेव्हा त्यानं नवे रॉड पाहून विचारलं, "भिलाईवाल्यानं दिले वाटते लवकर?" ती म्हणाली, "हव." वर्षानुवर्षं इथं राहून 'हो'च्या जागी तिच्या तोंडी हा शब्द बसला होता, आणि त्या दिवशी तो फार सहज बाहेर पडला.

कागद काही आला नाही. तिनं तीन आठवडे विचारलं, मग विचारणं सोडून दिलं.

मार्चच्या एका शनिवारी उदय जेवायला बसला. पानात वांग्याची भाजी आणि भाकर होती. अर्धी भाकर झाल्यावर तो म्हणाला, "यावेळचे रॉड जरा विचित्र आहेत."

"काहून?"

"पाच खेपांत सहा वाढले. मग तीन. आठवड्याले एखादीच खेप होती, म्हणून आज कुठं पंधरावी झाली, अजून तीन. बारा झाले. तसं घाबरायचं नाही, दुसऱ्या चालीत लागले म्हणजे वीसपर्यंत आरामात जातील." त्यानं पाणी प्यायलं. "पण पापुद्रे लय सुटून राहिले. हात लावला की पापडासारखे. तीनशे दहाचे एवढे सुटत नाही. भिलाईवाल्याले विचार बरं, लॉट बदलला का म्हणून."

"विचारते," ती म्हणाली. तिनं त्याच्या पानात भाजी वाढली. आधीची तशीच होती.

"अवो, किती वाढून राहिली? मी काय खांब आहे का, रोज आकडा वाढवाले?" तो हसला. मुलगी ऋताही हसली, म्हणाली, "पापा, आपका भी वजन नापना पड़ेगा." शर्मिष्ठाला त्या दोघांचे हसरे चेहरे दिसत होते आणि कानात काहीच शिरत नव्हतं.

रविवारी सकाळीच ती निरंजनच्या दुकानात गेली. तो उघड्या फळ्यांमध्ये स्टूलवर बसून समोसा खात होता.

"ये ताई, गरम आहे. तुझ्या भावजयीले सांगू का चहा?"

"ते रॉड कुठून आणले तू?"

"कोणते?"

"तुले माहीत आहे कोणते."

त्यानं समोसा खाली ठेवला. "चोरीचे नाही आहेत, देवाशपथ. दूध डेअरी तुटून राहिली होती एक, धमतरी रोडकडं. तिथला भंगार लिलावात घेतला. टाक्या, पाइप, अन् हे रॉड. स्टेनलेस आहे ताई, शंभर टक्के. मी चुंबक लावलं. तू पण लावलं ना?"

"दुधाचं स्टील ते."

"मग? स्टील ते स्टील. दूध फाटत नाही त्याच्यानं, तर भट्टी काय फाटणार आहे?"

त्यानं हे विनोदानं म्हटलं होतं. तो खरोखरच ओशाळला नव्हता, कारण त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. तिलाही तीन महिन्यांपूर्वी ठाऊक नव्हतं. आता मात्र सहा वर्षं स्टोरमध्ये वाचलेली लेबलं तिच्यापुढे उभी राहिली. दुधाच्या टाकीचं स्टील तीनशे चार, म्हणजे जवळजवळ भांड्यांचंच. भट्टीचं तीनशे दहा. चुंबक दोन्हींना चिकटत नाही. चुंबकाला त्या दोघांतला फरक कळतच नाही.

उदय त्या रॉडांना वीसपर्यंत जाऊ देणार होता. त्याचं माप बरोबर होतं, आकडे बरोबर होते, खडूही खरा होता. फक्त ज्या स्टीलसाठी वीसची हद्द होती ते स्टील भट्टीत नव्हतं. याची तिसरी चाल पंधरावर सुरू होईल की तेरावर, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. कदाचित सुरूही झाली असेल.

आणि हे जगात फक्त तिला माहीत होतं.

तिनं सांगायला हवं होतं. रविवारीच. पण सांगायचं म्हणजे भावाचा माल आणला हे सांगायचं, खोटं बोलले हे सांगायचं, न आलेला कागद आला असं लिहून सही केली हे सांगायचं. उदय ओरडला असता तर तिनं सोसलं असतं. तो ओरडत नाही, तो बोलणं बंद करतो. एकदा एकवीस दिवस बोलला नव्हता. शिवाय निरंजनचं नाव एकदा उरल्यात खराब झालं की सगळ्या बाजारात झालं.

म्हणून तिनं भित्र्या माणसासारखा मधला रस्ता काढला. सोमवारी सकाळी भिलाईला फोन करून नवे रॉड मागवले. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत येतील म्हणाले. शनिवारच्या खेपेआधी बदलून टाकू. ऑर्डरची घाई होती म्हणून मध्ये तीन खेपा होत्या, फक्त तीन. तीन खेपांनी काय होतं?

सोमवारी रात्री ती म्हणाली, "अहो, रॉड बदलूनच टाका ना आताच. मले नाही बरं वाटत."

उदयनं आश्चर्यानं पाहिलं. "तुले कधीपासून भट्टीची भीती वाटाले लागली? बरं, म्हणतेस तर बदलतो उद्या. स्टोरमध्ये तीन पडले आहेत ना, त्याच लॉटचे."

त्याच लॉटचे. ती घाईघाईनं म्हणाली, "नको नको. राहू द्या. उगाच कायले."

"बाई, तुझं काही समजत नाही," म्हणून तो कुशीवर वळला.

मंगळवारची खेप निघाली तेव्हा ती स्टोरच्या खिडकीला पाठ करून बसली. क्रेनची मोटार चालू झालेली ऐकू आली, झाकण घरंगळल्याचा आवाज आला. ती बरणीतले वॉशर टेबलावर ओतून मोजू लागली. तेलात घड बुडताना होतो तो मोठा फसफसाट झाला आणि मग उदयचा आवाज, कुणाला तरी हाक मारणारा. एकशे बारा वॉशर. बुधवारी पुन्हा तेच. या वेळी ती मोजता मोजता चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. बुधवारी रात्री तिला जेवण गेलं नाही. ऋता म्हणाली, "मम्मी, डॉक्टर को दिखा दो." ती म्हणाली, उन्हाचं आहे.

गुरुवारी दुपारी बारा वाजता क्रेनवाला अर्जुन हातमोजे मागायला खिडकीशी आला. खरोरा गावाकडचा, गप्पिष्ट, कुणाचं गुपित पोटात न ठेवणारा माणूस.

"दीदी, नवा हाथमोजा दे ना. आज भारी काम हे."

"काहून? आज काय आहे?"

"साहब ला जल्दी हे. दू खेप के माल एके खेप म टाँग दे हन काल संझा. डबल वजन." त्यानं मोजे ओढून पाहिले. "दू बजे निकालबो."

तिनं रजिस्टर पुढे केलं, त्यानं सही केली, तो गेला. ती उभीच होती. दुप्पट वजन. काल संध्याकाळपासून, लाल उष्णतेत, दुधाच्या टाकीच्या तीन रॉडांवर. शुक्रवार उद्यावर होता आणि खेप आज दोन वाजता होती. तिनं मनाशी मांडलेलं सगळं गणित एका वाक्यात मोडलं होतं.

तरीही ती लगेच गेली नाही. हे नंतर तिनं कुणालाच सांगितलं नाही. ती पावणेदोन तास तिथेच बसली. आधी म्हणाली, एक वाजता जाऊ, उदय जेवून उठला की. एक वाजता ती उठली, दारापर्यंत गेली. बाहेर भार्गव साहेब कुणाशी तरी बोलत होते, म्हणून परत आली. निरंजनला फोन लावला, तो लागला, तिनं काही न बोलता ठेवून दिला. देवाला नवस बोलली. मग घड्याळात पावणेदोन झाले आणि क्रेनची मोटार सुरू झाली, ठरल्यापेक्षा पंधरा मिनिटं आधी.

या वेळी तिनं खिडकीतून पाहिलं. झाकण सरकत होतं. भट्टीच्या तोंडातून लाल उजेड वर चढला आणि छताच्या पत्र्यावर हलू लागला. उदय डोळ्यांवर काळा चष्मा, हातात आकडी, नेहमीच्या जागी, काठापासून दोन हातांवर. हूक खाली येत होता.

ती धावली. सहा वर्षांत तिला कुणी धावताना पाहिलं नव्हतं. पिवळ्या पट्ट्याच्या आत स्टोरवाल्यांनी यायचं नाही, ती आत आली. उष्णता तोंडावर थापडीसारखी बसली.

"थांबा! अहो, थांबा! उचलू नका!"

मोटारीत तिचा आवाज विरला. हूक कड्यात गेला होता. अर्जुनचं बोट बटनावर होतं. तिनं अर्जुनचाच हात धरला आणि ओढला.

"दीदी, पागल हो गे हस का?"

उदयनं मागं वळून पाहिलं आणि चष्मा वर केला. "काय झालं? ऋता बरी आहे ना?"

"ते रॉड तीनशे दहाचे नाहीत." ती ओरडून सांगत होती, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं. "भिलाईचे नाहीत. निरंजनचे आहेत. डेअरीच्या भंगारातले. कागद नाही आला. मी आला म्हणून लिहिलं."

उदय तिच्याकडे पाहत राहिला. लाल उजेड त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता. मग त्यानं खाली, भट्टीत वाकून पाहिलं. खूप वेळ पाहिलं, किंवा तिला तसं वाटलं. तो सरळ झाला तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम वाळलेला होता.

"अर्जुन, हूक सोडव. हळू. हिसका नको." त्याचा आवाज अगदी साधा होता. "झाकण लाव. वीज बंद कर. सगळे मागं, पिवळ्याच्या बाहेर. सगळे."

झाकण बसलं. भार्गव साहेब धावत आले. "क्या हुआ लांजेवार? माल आज ही देना है!"

"साहब, माल भट्टीतच थंडा होईल. दोन दिन लगेगा. फिर से तपाना पड़ेगा."

"मगर हुआ क्या?"

उदयनं सांगितलं. बायकोचं नाव त्यानं टाळलं नाही आणि साळ्याचंही नाही. भार्गव साहेब शर्मिष्ठाकडे वळले आणि काही बोलणार, तेवढ्यात झाकणाखालून आवाज आला. फार मोठा नाही. खोल विहिरीत पोतं पडावं तसा, धप्प. मग लगेच दुसरा, आणि झाकणाच्या कडेनं राखाडी धुळीची एक रेघ वर उठली.

अर्जुननं हातातले नवे मोजे काढले आणि उगाच खिशात कोंबले. आता, या घटकेला, तो घड हवेत असता. उदय त्याच्या शेजारी आकडी धरून उभा असता. शर्मिष्ठा तिथेच जमिनीवर बसली. उदय तिच्याजवळ आला नाही. तो खांबाला टेकून उभा होता, एवढंच तिला दिसलं.

शनिवारी भट्टी थंड झाली. वर काढलं तेव्हा दोन रॉड तुटलेले होते, तुटलेल्या जागी करंगळीएवढे बारीक. तिसरा तुटला नव्हता, तो उदयनं मोजला. एक हजार एकसष्ट. त्यानं खांबावर काही लिहिलं नाही.

शर्मिष्ठानं स्टोरच्या चाव्या भार्गव साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि जे घडलं ते कागदावर लिहून दिलं. घरी उदय दोन दिवस एक शब्द बोलला नव्हता. ती एकवीस दिवसांची तयारी करून बसली होती. पण शनिवारी संध्याकाळी त्यानं शर्ट अडकवता अडकवता भिंतीकडे पाहून विचारलं, "निरंजननं किती आणले होते सगळे?"

"अठरा म्हणाला होता."

"आपल्याकडं सहा. बाकीचे बारा कुठं आहेत?"

हा विचार तिच्या डोक्यात आलाच नव्हता. आपला माणूस वाचला, तिथं तिची भीती थांबली होती.

ती चप्पल घालून तशीच निघाली, उदय मागून स्कूटर घेऊन आला. निरंजन आधी म्हणाला, आठवत नाही. मग म्हणाला, "ताई, मले बरबाद करशील का?" तिनंच त्याला आठ वर्षांचा असल्यापासून वाढवला होता, तिनं त्याच्या खिशातून मोबाइल काढून त्याच्याच हातात दिला. "लाव फोन. एकेकाले. माझ्यासमोर." चार रॉड दुकानाच्या मागेच पडलेले निघाले. पाच एका ग्रिल बनवणाऱ्यानं नेले होते, ते खिडकीत गेले, त्यांची चिंता नव्हती. राहिले तीन.

"एक माणूस आला होता," निरंजन म्हणाला. आता तो रडायच्या बेतात होता. "नगद देऊन गेला. भट्टीत लावायचे म्हणे. सिलतराकडचा. नाव नाही विचारलं मी, ताई. कोण विचारते?"

सिलतऱ्याला किती कारखाने आहेत ते उदयला माहीत होतं, तिलाही अंदाज होता. त्यातल्या किती जणांकडे टांगायची भट्टी असेल, कुणालाच माहीत नव्हतं. उदय म्हणाला, "उद्या रविवार, गेटवर चौकीदारच भेटतील."

"चौकीदारालेच विचारू," ती म्हणाली.

रविवारी सकाळी आठलाच ते निघाले. दोघांमध्ये अजून बोलणं नव्हतं, फक्त स्कूटर कुठं थांबवायची तेवढं. पहिल्या सात गेटांवर नाही म्हणाले. आठव्यावर म्हातारा चौकीदार बाकड्यावर बसला होता. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"हव बाई, गड्ढा वाले भट्ठी हे इहाँ. जनवरी म नवा रॉड आय रहिस." त्यानं आत अंगठा दाखवला. रविवार असूनही आतून क्रेनच्या मोटारीचा आवाज येत होता. "साहब नइ हे आज. काकर संग मिलना हे?"

शर्मिष्ठानं गेटची सळई दोन्ही हातांनी धरली. ती उन्हानं तापली होती, तरी तिनं हात सोडले नाहीत.

"साहेब नको," ती म्हणाली. "भट्टीच्या तोंडाशी जो माणूस उभा राहतो ना, त्याले बोलवा. आत्ता. आधी त्याले तिथून हलवा, मग माझं नाव विचारा."